चौकोनातला देवभात

१

धान कोणी खायला नेलं नव्हतं, एवढं पहिल्या नजरेतच कळत होतं.

मिसरोदच्या पुढे, होशंगाबाद रोडपासून आत, जिथे वसाहतींच्या कमानी संपून प्लॉट विक्रीच्या पाट्या सुरू होतात, तिथल्या माळावर मंजूषा हरदास उभ्या होत्या. समोर सतरंजीएवढी उघडी माती होती. परवापर्यंत तिथे देवभात डोलत होता. आपण ताटात वाढून घेतो त्या भाताचा हा रानातला भाऊबंद. लांब तांबूस कुसळांचा, कोणी न पेरता उगवणारा. भोपाळच्या आसपास तो संपला, असं सगळे धरून चालले होते. वनधान्य केंद्र नावाच्या एका लहान संशोधन संस्थेने कित्येक वर्षांचा पाऊस, ऊन आणि माती नकाशावर मांडून तो कुठे तगून राहिला असेल याचा अंदाज बांधला. ऑगस्ट संपता संपता तो तीन ठिकाणी सापडलाही. पेपरात फोटो आले. येत्या सोमवारी बाहेरगावचे तज्ज्ञ पानांचे नमुने घ्यायला यायचे होते. आणि आज, शुक्रवारी, तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

मंजूषाबाईंची नोकरी पिपलानीच्या मोठ्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीत गेली. निवृत्तीनंतर केंद्राने त्यांना तक्रार समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून घेतलं होतं. आजवर कॅन्टीनच्या चहापलीकडे तक्रार आली नव्हती.

"सूड आहे हा," शेजारी उभे असलेले डॉ. कौस्तुभ सबनीस म्हणाले. प्रकल्प त्यांचा. "सरळ सरळ सूड."

मंजूषाबाई उकिडव्या बसल्या. रोपं मुळासकट गेली होती. तुटकं खोड नाही, पडलेलं पान नाही. वरची मातीसुद्धा बोटभर खरवडून नेलेली. ती सतरंजी आजूबाजूपेक्षा थोडी खोलगट होती आणि तिच्या कडेने मातीची एक बुटकी, बांधासारखी मेर होती. मेरेवर हरळी चांगली मुरलेली होती. मंजूषाबाईंनी हरळीची एक काडी उपटायचा प्रयत्न केला, निघाली नाही.

"सूड घेणारा माणूस माती कशाला नेईल?"

"देवभाताचे दाणे पिकले की झडतात. झडलेलाही राहू नये म्हणून. बिल्डरचं काम म्हणावं, तर ही एकच जागा बिल्डरची आहे. बाकीच्या जागा कितीतरी कोस लांब. तिन्हींचा पत्ता संस्थेत फक्त तिघांकडे होता. मी, जुनं बियाणं जपणारे आमचे बीजपेढीवाले परीक्षित लाखे, आणि तिसरं नाव तुमच्या शेजारचं आहे."

मंजूषाबाईंनी वर पाहिलं.

"ऋचा वैरागडे," सबनीस म्हणाले. "परवा तिची स्कूटी इथे उभी होती. चौकीदाराने पाहिली."

२

वैरागड्यांचं क्वार्टर मंजूषाबाईंच्या भिंतीला भिंत लावून होतं. ऋचाचे वडील त्याच कारखान्यात होते, मूळचे नागपूरचे. ऋचाच्या आईने, अलकाने, दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. ऋचा मात्र गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

"मावशी, आता तुम्ही पण मला इंटरोगेट करणार?"

"हो. अलका पोहे करतेय तोवर."

"करा. मैं भाग थोड़े ही रही हूँ."

"परवा गेली होतीस?"

"गेले होते. दाणे भरले का ते बघायला. सगळं जागेवर होतं. कोणी मानणार आहे?"

"सबनीसांशी भांडलीस म्हणे."

"नकाशा मी केला. दोन वर्षं डोळे फोडून केला. शोधनिबंधात माझं नाव तिसरं. मी बोलले, सर, ये गलत है. तर म्हणाले, तू अजून लहान आहेस." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आता म्हणतात, नाव मिळालं नाही म्हणून हिने रोपंच उपटली. सोमवारी समितीने हे लिहून दिलं ना, की माझी पाठ्यवृत्ती गेली. पीएचडी गेली. असल्या मुलीला दुसरा कोण घेणार?"

आतून अलकाचा आवाज आला, "जेवली नाहीये ती कालपासून. विचारा तेही."

"आई, प्लीज!"

मंजूषाबाईंनी खुर्ची ओढली. "नकाशा दाखव."

पडद्यावर भोपाळ उमटलं, पण रस्त्यांचं नव्हे. सगळं शहर आणि आजूबाजूचा मुलूख बारीक चौकोनांत कापलेला होता. बहुतेक चौकोन करडे, मोजके हिरवे.

"एक चौकोन साधारण किलोमीटरभराचा," ऋचा सांगू लागली, आणि सांगताना तिचा आवाज सैल झाला. "हवामानाची माहिती एवढ्याच बारकाईने मिळते. जुन्या काळी जिथे जिथे देवभात सापडला होता, तिथलं ऊनपाणी ज्या चौकोनाशी जुळतं तो हिरवा. मग त्या चौकोनात जाऊन शोधायचं."

"किलोमीटरभर शोधायचं?"

"हो ना. अख्खा दिवस जाईल असं वाटलं होतं. पण नशीब बघा, मावशी! फोनमध्ये आकडे टाकले, फोन म्हणाला पोहोचलात, आणि खाली बघतो तर पायाशी धान."

"तिन्ही ठिकाणी?"

"तिन्ही ठिकाणी. सर तर नाचायचे बाकी होते."

पोहे आले. मंजूषाबाईंनी बशी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. कारखान्यात एकदा एका खात्याने दंडगोलांची मापं पाठवली होती. एकजात बरोबर, केसाचाही फरक नाही. त्यांनी ती सगळीच्या सगळी परत धाडली होती.

"ऋचा, हे आकडे म्हणजे नेमकं काय?"

"चौकोनाचा मध्य. चौकोनाला पत्ता द्यायचा तर मध्याचाच देतात." तिचा घास हातातच राहिला. ती मंजूषाबाईंकडे बघत होती.

"खा तू," मंजूषाबाई म्हणाल्या. "मी उद्या बाकीच्या दोन जागा बघून येते. तोवर हे कोणापाशी बोलू नकोस."

३

दुसरी जागा अवधपुरीच्या मागे, तिसरी रायसेनच्या रस्त्याला. दोन्हीकडे तेच. उघडी खरवडलेली माती, खोलगट जागा, कडेला हरळी मुरलेली बुटकी मेर. जणू एकाच हाताने तीन वाफे आखावेत.

रायसेनच्या रस्त्यालगत एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. नाव शारदा. शनिवारच्या उन्हात हातात छत्री धरून माळ निरखणारी बाई पाहून तिला राहवलं नाही.

"क्या ढूँढ रही हो, अम्मा? प्लॉट लेना है?"

"प्लॉट नहीं, पसही." देवभाताला इकडे पसही म्हणतात. हरछठच्या उपासाला नांगर न लागलेलं धान्य लागतं, तेव्हा हीच खातात. मराठी घरांत ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, तीच गोष्ट. मंजूषाबाईंना शंका होती ती एवढीच, की उपासाच्या बायकांनी तर हे नेलं नसेल?

शारदा खळखळून हसली. "पसही कोई उखाड़ता है क्या? टोकरी मारो, दाना झड़ जाता है. खड़ी रहने दो, तो अगले साल फिर मिलेगी. उखाड़े वो, जिसे दुबारा चाहिए ही नहीं."

"और ये काम आपके यहाँ से किसी का?"

"हमारे यहाँ से होता तो हमको पहले पता होता. नाम लेके बता देती." आणि शेळीला एक शिवी हासडून ती चालू लागली.

उपासवाल्या बायका सुटल्या. चरायला आलेली गुरं तर मुळासकट नेत नाहीत. उरले पत्ता ठाऊक असलेले तिघे.

मंजूषाबाई मेरेवर उभ्या राहिल्या. मेर या आठवड्यातली नव्हती. तिच्यावर हरळी एवढी धरायला सबंध पावसाळा गेला असणार. म्हणजे ज्याने रोपं उपटली त्याने ती घातली नव्हती. निदान उपटताना नव्हती. रानात आपोआप उगवलेल्या धानाभोवती पावसाळ्याच्या तोंडाशी कोणी मेर घातली?

त्यांनी मान वर केली. माळ उतरत उतरत लांब जात होता, आणि तिकडे, हाक ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर, शेवाळलेल्या पाण्याचं एक डबकं चमकत होतं. पाणी तिकडे होतं. पाण्यात पाय बुडवून जगणारं धान इथे, माळाच्या पोटात.

४

रविवारी सबनीसांनी आपल्या घरीच भेट दिली. चहा बायकोने नव्हे, स्वतः केला; त्यात साखर विसरले.

"तुमचा अहवाल तयार असेल," ते म्हणाले. "मला कल्पना आहे, शेजारचं पोर आहे. अवघड जातं."

"सापडलं त्या दिवशीचे फोटो दाखवता?"

त्यांनी उत्साहाने टॅब पुढे केला. फोटो सुरेख होते. हिरव्या रोपांचा पुंजका, तांबूस कुसळं, मागे हसणारी ऋचा. मंजूषाबाईंनी एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"सगळी रोपं एका उंचीची आहेत."

"मग?"

"रानातलं बी असं एकदम उगवतं का? मला माहीत नाही म्हणून विचारते."

सबनीस बोलायला गेले आणि थांबले. "नाही," ते सावकाश म्हणाले. "रानातलं बी झोपतं. काही या वर्षी उठतं, काही पुढच्या. एका जागेवर लहान, मोठं, फुलावर आलेलं, झडलेलं, सगळं एका वेळी असतं."

"एकदम उठवायचं असेल तर?"

"कोरडी ऊब द्यावी लागते. यंत्रात. काही दिवस." त्यांचा चेहरा उतरत गेला. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"हे धान उगवलं नाही, डॉक्टर. लावलं. जूनमध्ये, मेर घालून, बरोबर तुमच्या आकड्यावर. आणि सोमवारी पानं तपासून बीजपेढीतल्या जुन्या बियाण्याशी ताडायची होती, ती वेळ येण्याआधी ज्याने लावलं त्यानेच काढून नेलं. मातीसकट. म्हणून तुटकं पानही मागे नाही."

सबनीसांनी टॅब उलटा ठेवला.

"मी लावलं, असं म्हणता?"

"हा आकडा म्हणजे काय, ते सांगा."

"चौकोनाचा मध्य! शाळेतलं पोर सांगेल." ते उसळले. "बाई, मला खोटा शोध लावायचा असता, तर मी देवभात डबक्याच्या काठाला लावला असता. मध्यावर? माळावर? मी काय मूर्ख आहे?"

"नाही. ऋचाही नाही," मंजूषाबाई म्हणाल्या.

सबनीस खुर्चीत मागे टेकले. मग पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाले, "हे उद्या बोलायलाच हवं का? चोरी झाली, तर शोध शोधच राहतो. संस्था टिकते."

"आणि ऋचा?"

"तिला मी दुसरीकडे कुठेतरी लावून देईन. शब्द देतो."

मंजूषाबाईंनी बिनसाखरेचा चहा संपवला. "मला वाटतं, तुम्हाला पाहता क्षणीच खटकलं होतं," त्या उठत म्हणाल्या. "आकड्यावर पाय ठेवला आणि पायाशीच धान मिळालं तेव्हा. पण तुम्ही दोघंही खूश होता."

५

बीजपेढी म्हणजे केंद्राच्या मागच्या अंगाची दोन खोल्यांची बैठी इमारत. आतल्या खोलीत बारा महिने हिवाळा. सुटीच्या दिवशीही परीक्षित लाखे तिथे असतील, हे मंजूषाबाईंना कोणी सांगावं लागलं नाही. खुंटीवर दोन जुने कोट होते. एक त्यांनी मंजूषाबाईंना दिला.

"आत बसू नका फार. गुडघे धरतात," ते म्हणाले. पन्नाशी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस.

"लाखे, एकच विचारायचंय." त्यांनी ऋचाकडून घेतलेला एक आकडा पुढे केला. "हे काय आहे?"

लाख्यांनी चष्मा वर केला. "मिसरोदची जागा."

"जागा म्हणजे?"

"म्हणजे जागा. जिथे देवभात जगेल, असं नकाशा सांगतो ती."

"नेमकी तीच?"

"ऋचाने मे महिन्यात बियाण्याच्या पिशव्यांवर घालायला आकड्यांची यादी दिली ना. एवढे दशांश कोण उगाच देईल?" ते क्षणभर थांबले, आणि भोळेपणाने पुढे म्हणाले, "एक आकडा तर अवधपुरीत कोणाच्या बंगल्याच्या गच्चीवर येत होता. मला वाटलं, नकाशा जुना असावा."

लाख्यांच्या हातून चष्मा सुटला आणि दोरीला लोंबकळत राहिला. आपण गच्चीपर्यंत जाऊन आल्याचं आपणच सांगितलं, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

"तो चौकोनाचा मध्य असतो, लाखे. सगळा किलोमीटर मिळून एक आकडा."

"मध्य," लाखे म्हणाले. ते स्टुलावर बसले. "मग मी लावलं तिथे..."

"तिथे काहीच विशेष नव्हतं."

लाखे सांगू लागले.

"अवधपुरीला वसाहत व्हायच्या आधी तिथे एक तलाव होता. मी नवा होतो तेव्हा त्यातून हे बी गोळा केलं. तलाव बुजला. आता ह्या खोलीखेरीज ते कुठे नाही. दर वर्षी उगवून बघतो, दर वर्षी कमी उगवतं. मरत चाललंय, बाई. सबनीस साहेबांना म्हटलं, तुकडाभर जमीन द्या, वाढवून ताजं बी धरू. यंदा नाही, म्हणाले. पुढच्या वर्षी. तीन वर्षं पुढचं वर्षच चाललंय."

"मग नकाशा आला."

"नकाशाने सांगितलं, इथे जगेल. मी म्हटलं, आपल्याला विचारतंय कोण? बियांना ऊब दिली, जागं केलं, मोकळ्या जागांवरचे तीन आकडे निवडले. पाणी धरावं म्हणून मेर घातली. शोध-बिध माझ्या डोक्यात नव्हता. हे लोक बघायला निघाले तेव्हा मी रजेवर होतो; आलो तर पेपरात फोटो."

"तेव्हा का नाही बोललात?"

"ऋचा पेढे घेऊन आली होती." त्यांनी कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "रोज म्हणायचो, उद्या सांगू. मग तज्ज्ञांची तारीख आली. वाटलं, धानच नसलं तर खोटी नोंद तरी होणार नाही. तिच्यावर येईल हे... शप्पथ सांगतो, हे सुचलंच नाही."

"शुक्रवारी तर कळलं होतं."

लाख्यांनी कप्पा उघडून एक जाड कागदी पिशवी काढली. आत तांबूस कुसळांचे भरलेले दाणे होते. उपटलेल्या रोपांचा एकही दाणा त्यांनी वाया घालवला नव्हता.

"उद्या तुम्ही बोलणार, की मी?" मंजूषाबाईंनी विचारलं.

"मी बोलतो. पण ऋचाला आज तुम्ही सांगा. मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही."

निघताना मंजूषाबाईंच्या गुडघ्यांनी खरंच कुरकुर केली. चोर सापडला होता. आता ऋचाला सांगायचं होतं, की तू चोर नाहीस. आणि त्याच वाक्यात, की तुला काही सापडलंही नव्हतं.

६

सोमवारी समितीच्या खोलीत पाच माणसं होती. अध्यक्ष योगिनी बक्षी, सबनीस, लाखे, मंजूषाबाई आणि भिंतीकडच्या खुर्चीत ऋचा. तज्ज्ञांना येऊ नका म्हणून सकाळीच कळवलं होतं.

लाखे उभे राहिले, पण त्यांच्या आधी ऋचा बोलली.

"मॅडम, आधी मी. तो शोधनिबंध मी मागे घेतेय. नाव तिसरं असलं तरी नकाशा माझा आहे. ते धान लावलेलं होतं. लाखेसर सांगतील. पण मला कळायला हवं होतं. मध्य म्हणजे काय ते मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं."

योगिनीताईंनी मंजूषाबाईंकडे पाहिलं. मंजूषाबाईंनी मान हलवली. मग लाखे बोलले. आदल्या दिवशी खोलीत बोलले होते तेवढंच, त्याच क्रमाने. तीन वर्षांच्या पुढच्या वर्षापाशी आले तेव्हा सबनीस टेबलाच्या कडेवर नख फिरवत होते.

"ऋचावरचा आरोप काढून टाकते," योगिनीताई म्हणाल्या. "लाखे, किल्ल्या माझ्याकडे द्या. तुमचं काय करायचं ते समिती नंतर ठरवेल. कौस्तुभ, पेपरवाल्यांना खुलासा तुम्ही द्यायचा, आज." मग त्या ऋचाकडे वळल्या. रागाने नव्हे, पण थकलेल्या स्वरात म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षांचा नकाशा चुकला."

"ते माहीत नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"कोणी बघितलंच नाही. आम्ही आकड्यापर्यंत गेलो, सापडलं, फोटो काढले, परत आलो. चौकोन तसाच राहिला. तिन्ही. डबकी आहेत, नाले आहेत, रेल्वेलाइनच्या कडेचे खड्डे आहेत. तिथे देवभात असेल. नसेलही. पण तपासल्याशिवाय चुकला म्हणता येत नाही, आणि बरोबर होता असंही नाही."

मंजूषाबाईंना तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. काल संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती गॅलरीत जाऊन बराच वेळ पाठमोरी उभी राहिली होती. मग आत येऊन आईला म्हणाली होती, भूक लागली.

ऋचा लाख्यांकडे वळली. खोलीत आल्यापासून तिने त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

"सर, रानातला असेल तर दाणे झडायला किती वेळ आहे?"

"या आठवड्यात झडतील. नंतर नुसतं गवत दिसेल. ओळखू येणार नाही."

"तुम्हाला येईल?"

"मला... कदाचित."

"मग चला." तिने पाठीवर बॅग अडकवली. "मी अजून खूप चिडलेली आहे तुमच्यावर, सर. वो अलग बात है. पण किलोमीटरभर मला एकटीला होणार नाही."

"मीटिंग संपलेली नाही," सबनीस म्हणाले.

"तुमची संपू दे, कौस्तुभ," योगिनीताई म्हणाल्या. "तुम्हाला खुलासा लिहायचाय."

लाख्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ते ऋचाच्या मागोमाग निघाले. मंजूषाबाई खिडकीशी गेल्या. खाली ऋचाने स्कूटी सुरू केली, फोन बॅगेत टाकून चेन लावली, आणि मागे बसायला धडपडणाऱ्या लाख्यांना विचारलं, "सर, पाणी कुठे असेल सांगा. तिथून सुरुवात करू."